खिट्टीची दोरी

आमच्या घराच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. आतून लाकडाची खिट्टी होती, खिट्टीला सुतळी बांधलेली, आणि सुतळीचं टोक दाराच्या भोकातून बाहेर लोंबतं सोडलेलं. आलेल्यानं बाहेरून दोरी ओढायची, आत खिट्टी उचलली जायची, टक्क् असा आवाज व्हायचा आणि दार उघडायचं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, निम्म्या घरांची दारं अशीच होती. माय चुलीपुढं बसल्या बसल्या त्या आवाजावरून माणूस ओळखायची. बा ओढायचा तो एकदाच, हिसका देऊन. समोरची काकू आधी जराशी ओढून सोडायची आणि मग पुन्हा ओढायची. मी शाळेतून आले की दोरीला लोंबकळायचे, आणि आतून आवाज यायचा, "तोडतं का वं दोरी? येक दिवस दारासकट पडशीन!"

हे दार मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं. माझ्या मायचे कान गेले, पायांचा तोल गेला, हे आजारानं झालं नाही, औषधानं झालं. ते औषध वेळेवर थांबवता आलं असतं, आणि थांबवणारा शब्द माझ्या तोंडात होता. मी सातवीत होते. लहान होतीस गं, अजाण होतीस, असं लोक म्हणतात. मला ते ऐकून चीड येते. सातवीतली पोरगी काही अजाण नसते, चांगली पक्की असते.

आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, अंबाडी, आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. शहरात येऊन हा शब्द बोलले की लोक मला इडली आणून द्यायचे. वाफ्यांमधल्या वीतभर रुंद वरंब्यावरून माय डोक्यावर पाटी आणि कमरेवर घागर घेऊन चालायची, तेही मागं वळून बाशी भांडत. एक थेंब सांडायचा नाही. आठवडी बाजारात गिऱ्हाईक निम्मं तेलुगू. मायची तेलुगू बाजारापुरती, आकडे, भाज्यांची नावं, 'आहे' आणि 'नाही'. तेवढ्या भांडवलावर ती कोणाशीही घासाघीस करायची आणि शेवटी गिऱ्हाईकच दमून हसायचं.

एका हिवाळ्यात तिला खोकला लागला तो होळीपर्यंत गेला नाही. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं, गंडा झाला. मग रक्त पडलं, आणि बानं तिला एसटीत बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. डॉक्टर तेलुगू होता, बोलायचा भरभर. बाला त्यातलं फार काही उमगेना, म्हणून पुढच्या खेपेपासून मायसोबत मी जाऊ लागले. माझी शाळा तेलुगू. घरात मीच तेवढी दोन्हीकडची.

डॉक्टर माणूस चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. गोळ्या लिहिल्या, आणि रोज एक सुई, श्रावण सरेपर्यंत. सुई आमच्याच गावातला म्हातारा कंपाउंडर देईल असं ठरलं. मग डॉक्टरनं मला टेबलाजवळ बोलावलं आणि बोट उगारून सांगितलं, की या सुईनं कोणाकोणाला त्रास होतो. डोकं गरगरलं, चालताना झोक गेला, कानात काही वाजायला लागलं, तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. सुई बंद करावी लागते, दुसरं औषध देता येतं. मी ते सगळं मराठीत मायला सांगितलं, अक्षर न गाळता. तिनं मान हलवली.

गावात रोगाची वार्ता आमच्या आधी पोचली होती. मायची जर्मनची थाळी आणि गिलास वेगळा झाला, तो आम्हीच केला. पण लोकांनी आमचं दारच वेगळं केलं. दोरीला हात लावेना कोणी. समोरची काकू, जी दिवसातून पाच वेळा यायची, साखर न्यायची, विरजण न्यायची, आमच्या माठातलं पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायची, ती आता तिच्या ओट्यावरूनच विचारू लागली, "कसं काय हाय वं तब्येत?" आणि नाकाला पदर. बाजारात आमच्या मेथीला गिऱ्हाईक थांबेना, म्हणून बा माल दुसऱ्याच्या गाडीत घालून पाठवू लागला. माय दिवसभर आतल्या खोलीत पडून असायची आणि मधूनच मला विचारायची, "आज कोनी आलं व्हतं का?" मी म्हणायचे, नाही.

कंपाउंडर सकाळी यायचा. स्टोव्हवर काचेची पिचकारी उकळायची, रबरी बुचाच्या बाटलीतली पांढरी पूड पाण्यात हलवून विरघळवायची, आणि माय कुशीवर वळायची. तिला सुईची भीती नव्हती. उलट रोज एक माणूस तरी दोरी ओढून घरात येतो याचंच तिला बरं वाटे. रिकाम्या बाटल्या मी जमवायचे आणि ओट्यावर ओळीनं मांडून दवाखाना खेळायचे.

वैशाखातल्या एका दुपारी माय आतून म्हणाली, "पाह्य वं, कोन आलं."

मी दारातच बसले होते. कोणी आलं नव्हतं.

"खिट्टी वाजली ना आताच."

"नाई वाजली, माय."

"मंग काय वाजून राह्यलं?" असं म्हणून ती उठून बसली आणि कानात करंगळी घालून हलवू लागली. नंतर दोन-तीन दिवस ती म्हणायची, रातकिडे भर दुपारी काऊन ओरडतात. मला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या हातातल्या बांगड्या मात्र तिला आता ऐकू येईनाशा झाल्या होत्या, हे तिनंच मला दाखवलं. हात कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाली, "मुक्या झाल्या पाह्य."

मला डॉक्टरचं बोट आठवलं. आठवलं, हे मी आज कबूल करते. पण दवाखान्याची फेरी महिन्याची होती, आणि मधल्या मंगळवारी वेगळंच घडलं.

मंगळवारी पोचम्माच्या देवळात आरती. माय बरेच दिवस गेली नव्हती. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, म्हणून सगळ्यांच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली लांब उभी राहू म्हणाली. आमच्याकडे आरतीच्या शेवटी सगळ्या बाया डोळे मिटून, हात जोडून, देवीपुढं मनातलं बोलतात. मायनंही डोळे मिटले. आणि ती डुलू लागली. आधी थोडी, मग कमरेपासून, मग एकदम पुढं झुकली आणि दोन पावलं धावत जाऊन बायांच्या अंगावर पडली. एक किंकाळी. आणि कोणीतरी म्हणालं, "आली! अंगात आली वो माय!"

बस. एवढ्यावर गाव फिरलं. ज्या काकूनं दोन महिने नाकाचा पदर सोडला नव्हता, तिनं सगळ्यांआधी मायच्या पायावर डोकं ठेवलं. पुढच्या मंगळवारी तेच. डोळे मिटायचा अवकाश, माय डुलायची. लोक विचारायचे, "माय, लेकीचं जुळंन का? बोरिंगले पानी लागंन का?" कानात घण वाजत असल्यामुळं तिला प्रश्न धड ऐकू यायचा नाही, ती नुसतीच मान हलवायची, आणि ज्याला जे हवं ते त्यात दिसायचं. देवी पोरांच्या प्रश्नाला पण हो म्हणते, म्हणून आमच्या वर्गातल्या दोघी परीक्षेचं विचारून गेल्या.

आणि आमचं दार वाजायला लागलं. सकाळपासून टक्क्, टक्क्. नारळ यायचे, खण यायचे, पेढे यायचे. काकू आत येऊन आमच्या माठातलं पाणी पुन्हा प्यायली, तेही मायच्या हातून, तिच्याच त्या वेगळ्या गिलासातून, प्रसाद म्हणून. मला शाळेत पुढच्या ओळीत बसवलं. ज्या मुली माझ्या डब्याकडं पाहून तोंड वाकडं करायच्या, त्या मला आवळे द्यायला लागल्या. मी काय सांगू, मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आखाडीच्या जत्रेत पोचम्माला पहिला घट मायनं न्यायचा, असं गावानं ठरवलं तेव्हा मला हिरवं परकर-पोलकं शिवायला टाकलं होतं.

दवाखान्याची फेरी जत्रेच्या आठ दिवस आधी आली. एसटीत माय खिडकीशी बसली होती. तिनं माझा हात धरला आणि हळू म्हणाली, "पोरी, देवी गिवी काई नाई वं. डोये मिटले का जमीन सरकते. उघडे असले का पाय दिसतात म्हनून उभी राह्यतो. तसं तू डॉक्टरले सांगजो."

"लोक म्हणतात ते?"

"लोकायले काय. तू सांगजो."

मी हो म्हटलं.

डॉक्टरनं मायची छाती तपासली, वजन केलं, खूश झाला. वजन वाढलं होतं. पेढे होते ना. मग कागदावरून मान वर न करता त्यानं मला विचारलं, डोकं गरगरतं का? माय माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मला हिरवा परकर दिसला. वर्गातली पुढची ओळ दिसली. देवी नाहीच, नुसती सुईची चक्कर आहे असं गावाला कळलं तर काकू पुन्हा ओट्यावर जाऊन बसेल, हे दिसलं. एक आठवडाच तर आहे, पुढच्या फेरीला सांगू, असं वाटलं.

"लेदु सार," मी म्हटलं. नाही, सर.

कानात आवाज?

"लेदु सार."

त्यानं सुई पुढं चालू असं लिहिलं. बाहेर आल्यावर मायनं विचारलं, "सांगितलं का? का म्हने?"

"म्हणे, होते असं. आपोआप जाते."

माय माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली, आणि आम्ही एसटी पकडली.

जत्रेच्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. मायच्या डोक्यावर हळदीकुंकवानं माखलेला घट, वर पणती, कडुलिंबाचा डहाळा. ढोल पुढं, ती मागं, आणि तिच्यामागं सगळं गाव. ती झोकांड्या देत चालली होती आणि लोक आनंदानं ओरडत होते. घट मात्र पडला नाही. ज्या बाईनं वरंब्यावर घागर सांडली नव्हती तिची मान काय असेल, विचार करा. नजर समोरच्या जमिनीवर रोवून, दात खाऊन, ती देवळापर्यंत आली. मी हिरव्या परकरात तिच्या बाजूनं चालत होते आणि मनात देवीला म्हणत होते, एवढं निभावून ने.

देवळाचं दार बुटकं आणि आत मिट्ट काळोख. उन्हातून ती वाकून आत शिरली. पाय दिसेनासे झाले, आणि माय घटासकट, मुळावर घाव घातलेल्या झाडासारखी, आडवी झाली. घटाच्या खापऱ्या देवीच्या पायापर्यंत गेल्या. पणती विझली. ढोल वाजवणारे बाहेर थोडा वेळ वाजवतच राहिले, त्यांना कळलं नव्हतं.

घट फुटणं म्हणजे गावावर अरिष्ट. लोक हळूहळू पांगले. काकूच्या तोंडून तेवढं निघालं, "रोगट बाईच्या हाती द्यायलेच नव्हतं पाह्यजे." तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आमचा पाच-सहा आठवडे तरी टिकला. दुसऱ्या दिवसापासून दोरीला कोणी हात लावला नाही. कंपाउंडर तेवढा आला, पूड विरघळवली, सुई दिली.

श्रावणातल्या फेरीला डॉक्टर काहीतरी बोलला आणि मायनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यानं खणातून लोखंडाचा एक चिमटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि तिच्या कानाशी धरला. मला त्याची गुणगुण लांबूनही ऐकू येत होती. माय त्याच्या हाताकडं पाहून हसली, लाजल्यासारखी. मग त्यानं तिला पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले आणि ती त्याच्या अंगावर पडली. त्यानं तिला धरून बसवलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, कधीपासून?

"आठ दिवस," मी म्हटलं.

त्यानं सुई त्या दिवशी बंद केली. टीबी बरा झाला. कागदावर ती बरी झालेली बाई आहे.

नंतरची वर्षं मला नीट सांगता येत नाहीत. घर शांत झालं असं वाटेल, पण तसं नव्हतं. मायचा आवाज मोठा झाला होता, कारण तिला तो स्वतःलाच ऐकू यायचा नाही. "मीठ दे!" असं ती म्हणायची तेव्हा गल्लीतली कुत्री उठायची. चालताना तिला घरं, झाडं, माणसं सगळं हिंदकळताना दिसायचं. ती भिंत धरून, कुंपण धरून चालायची. मळ्यात वरंब्यावर तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. बाजार सुटला. ओसरीत बसून ती जुड्या बांधायची, मेथीच्या, सांबाराच्या, आणि समोरच्याच्या ओठांकडं पाहून बोलणं ओळखायला शिकली.

आणि तिला खिट्टी ऐकू यायची. घरातला एकही आवाज तिला ऐकू येत नव्हता, भांडं पडलेलं नाही, ढग गडगडलेला नाही. पण काम करता करता ती एकदम मान वर करायची, चेहरा उजळायचा, आणि ओरडायची, "आली वो, आली!" भिंतीला हात लावत, धडपडत दारापाशी जायची, खिट्टी उचलायची. बाहेर रिकामी गल्ली. ती डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, आणि दार लावून परत यायची. दिवसातून चार-पाचदा. बा म्हणायचा, जाऊ दे, भास हाय तिचा. मी पुस्तकात मान घालून बसायचे आणि ती दाराकडं गेली की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. कधीकधी वाटायचं, कोणीतरी खरंच येतं, फक्त ते तिलाच ऐकू येतं. कधी वाटायचं, ती मलाच दाखवायला उठते.

एकदा मला असह्य झालं आणि मी विळ्यानं दोरी कापून टाकली. बानं विचारलं तर सांगितलं, कुजली होती. दुसऱ्या दिवशी माय मेथी निवडत होती. एकदम थांबली. "खिट्टी वाजली," म्हणाली, आणि उठली. बानं संध्याकाळी नवी सुतळी बांधली.

ती पाठमोरी असली की मी तिला सगळं सांगायचे. हे कोणाला खरं वाटणार नाही. ती ओसरीत, मी तिच्या मागं दोन हातांवर, आणि मी साध्या आवाजात म्हणायचे, माय, मी डॉक्टरला खोटं सांगितलं. मला परकर हवा होता. कितीदा म्हटलं असेल. तिच्यासमोर बसून ओठ हलवून म्हणायची छाती नव्हती, आणि ओरडून सांगावं तर गल्ली ऐकणार. भेकड माणसाला बहिऱ्या माणसाइतकी सोय दुसरी नाही.

नव्वदच्या पुढं मी आमच्याच जिल्ह्यातल्या निर्मलला कॉलेजात गेले आणि प्राणिशास्त्र घेतलं. कान शिकवायचा धडा आला तेव्हा सरांनी एक जाडं इंग्रजी पुस्तक वाचनालयातून आणून दाखवलं. त्यात आतल्या कानातल्या पेशीचं मोठं केलेलं चित्र होतं. पेशीच्या डोक्यावर केसांसारखे तुरे, बुटक्यापासून उंचापर्यंत पायऱ्यांनी उभे. आणि बुटक्या तुऱ्याच्या टोकापासून शेजारच्या उंच तुऱ्यापर्यंत एक बारीक धागा. सर सांगत होते, आवाज आला की आतलं पाणी हलतं, तुरे झुकतात, धागा ताणला जातो आणि तुऱ्यातलं एक इवलंसं दार उघडतं. दारातून पोटॅशियमचे कण आत घुसतात, पेशी जागी होते आणि मेंदूला निरोप जातो. तुरे सरळ झाले, धागा सैलावला, की दार बंद. तोल सांभाळणाऱ्या पेशीही याच जातीच्या, शेजारीच राहणाऱ्या. मान कलली की त्यांचा धागा ओढला जातो.

मी ते चित्र पाहिलं आणि मला आमचं दार दिसलं. दोरी, भोक, खिट्टी. सगळं तस्संच. वर्गात मला हसू आलं आणि मग रडू आलं. सरांनी बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं.

मी ते पुस्तक मागून घेतलं आणि शब्दकोश घेऊन बसले. त्यात मायच्या सुईचं नाव होतं. ते औषध या दारातच जाऊन अडतं, एवढं त्या पुस्तकात होतं. ते त्याच दारानं आत शिरतं आणि आत गेलं की बाहेर निघत नाही, हे मला पुढं कळलं. पेशी आतून मरते. एकदा मेली की माणसात ती पुन्हा उगवत नाही. आणि कोंबडीत उगवते म्हणे! कोंबडीच्या कानातली पेशी मेली तर शेजारच्या पेशीतून नवी तयार होते. त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा अंगणातल्या कोंबड्यांकडं पाहून मला इतका राग आला, की एकीला मी चप्पल फेकून मारली. त्या बिचारीनं काय केलं होतं?

पुस्तकात आणखी एक ओळ होती. कानात वाजू लागल्याबरोबर, तोल जाऊ लागल्याबरोबर औषध थांबवलं, तर उरलेलं पुष्कळ वाचू शकतं. मी ती ओळ वहीत उतरवून घेतली. कशाला घेतली कोण जाणे, ती पाठच होती.

दिवाळीला घरी गेले ते ठरवूनच, की आता तोंडासमोर बसून सांगायचं. सकाळची वेळ होती. बा मळ्यात. माय ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होती, मी समोर बसून तिला काड्या निवडून देत होते. कोळशानं मी फरशीवर ते तुरे काढले, धागा काढला. मग तिला हाताला धरून दारापाशी नेलं, तिची बोटं खिट्टीवर ठेवली आणि बाहेर जाऊन दोरी ओढली. खिट्टी तिच्या बोटाखाली उचलली गेली. मी आत येऊन कानाला हात लावला, चित्राला हात लावला. कानात हेच आहे, माय. अशीच दोरी, असंच दार. आणि सुईतलं औषध त्या दारात जाऊन अडलं.

तिला कळलं. मायला कळायला कधी वेळ लागायचा नाही. ती चित्राकडं बघत बसली. अंगठ्यानं एक तुरा पुसला, कोळसा पाहिला.

"म्हंजे सुईनंच गेले."

मी मान हलवली.

ती परत जागेवर बसली, जुडी घेतली, केळीच्या खोडाचा सोप दोरीसारखा तिच्याभोवती गुंडाळला. मग हात थांबले. तिनं माझ्याकडं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "पह्यल्यांदा वाजाले लागलं तवाच सुई बंद केली असती, तं राह्यले असते का कान?"

याच्यासाठी तर मी आले होते. वहीतली ओळ पिशवीत होती. हो, माय, राहिले असते, आणि ते मी होऊ दिलं नाही, एवढं बोलायचं होतं. निर्मलपासून गावापर्यंत एसटीत मी तेच घोकत आले होते. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "लेदु."

मराठीतलं नाही सोडून हाच शब्द का आला, देवच जाणे. मायनं ओठ नीट पाहिले होते. तिनं सोपाला गाठ मारली, जुडी टोपलीत ठेवली आणि दुसरी मेथी हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. आणि मग, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात, "दवाखान्यातबी असंच म्हनली व्हती तू."

माझ्या हातातल्या काड्या खाली पडल्या. मी सावकाश ओठ हलवत विचारलं, तुला ऐकू आलं होतं?

"तवा कान व्हते ना मले."

लेदु! साऱ्या बाजारात तिनं हजार वेळा ऐकलेला, हजार वेळा म्हटलेला शब्द. आणि मी इतकी वर्षं तिच्या पाठीमागं बसून कबुली देत होते.

"मंग बोलली काऊन नाई तू?" मी ओरडले. तिच्यासाठी ओरडून काही उपयोग नव्हता, तरी ओरडले.

तिनं ओसरीच्या खिडकीतून समोर पाहिलं. रस्त्यापलीकडं काकूच्या ओट्यावर ऊन आलं होतं, काकू गहू पाखडत होती, तिचं सूप थांबलं होतं. माय हसली नाही, रागावलीही नाही.

"दोन महिन्यानं आपल्या घरचं पानी पेली व्हती ते," ती म्हणाली. "म्या म्हटलं, पेऊ दे आनखी आठ रोज."

मला तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, पण टोपली मध्ये होती. ती बांधत राहिली, मी काड्या गोळा करत राहिले. थोड्या वेळानं तिनं एकदम मान वर केली. चेहरा तसाच उजळला.

"खिट्टी वाजली. पाह्य वं, कोन आलं."

मी उठले, दार उघडलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग आत येऊन तिच्यासमोर बसले आणि तिला दिसेल असं सांगितलं, कोणी नाही, माय. या खेपेला ते खरं होतं.